डिसेंबरातलं हवाना : महोत्सवानं सिनेमाचं वेड लावलं, की वेड होतं म्हणून महोत्सव टिकला?

तिसरी_घंटा
परवा जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. एक सहकारी म्हणाला, "आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे गळ्यात पास अडकवून हिंडणाऱ्यांची हौस. त्यानं देशाच्या सिनेमाला काय मिळतं?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मला आठवला क्युबा. हवानात डिसेंबर १९७९ पासून 'नव्या लॅटिन अमेरिकन सिनेमाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव' भरतो. बक्षिसाचं नाव 'कोराल', म्हणजे पोवळं. देशाची लोकसंख्या साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, डोक्यावर अमेरिकेची व्यापारबंदी, घराघरात टंचाई. तरी चाळीसहून जास्त वर्षं हे चाललंय आणि तिथली साधी माणसं थिएटरं भरतात. माझं मत असं की या महोत्सवानं क्युबाला नुसते सिनेमे दाखवले नाहीत, बघणारी माणसं तयार केली. तुम्हाला पटतं का? कुणी तिथे जाऊन आलंय का?

सागरगोटा
छान विषय. बसतो आता पॉपकॉर्न घेऊन.

नेत्रा_टोरांटो
मी जाऊन आलेय! टोरांटोहून तेव्हा थेट विमान होतं, त्यामुळे २०१८ च्या डिसेंबरात आम्ही दोघं गेलो होतो. चाळिसावं वर्ष होतं महोत्सवाचं. सविस्तर लिहिते, कारण त्या आठ दिवसांनी मला बरंच काही दिलंय.

हवानाच्या वेदादो भागात २३ नंबरचा रस्ता आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर 'यारा' थिएटर, समोर 'कोपेलिया' हे प्रसिद्ध आइस्क्रीमचं उद्यान. त्याच रस्त्यावर 'ला राम्पा', 'रिव्हिएरा' आणि 'चाप्लिन'. जुनी, हजार-दीड हजार खुर्च्यांची एकपडदा थिएटरं. आपल्याकडची अशी किती उरलीत ते मोजा.

पहिल्याच दिवशी यारासमोर गर्दी दिसली, पण रांग दिसेना. लोक कट्ट्यावर बसलेले, झाडाखाली उभे, गप्पा चाललेल्या. मी गोंधळून उभी होते. एक सत्तरीच्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी मला शिकवलं: आलं की मोठ्यानं विचारायचं, "उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं. तो माणूस लक्षात ठेवायचा, बस्स, त्याच्यामागे तुमचा नंबर. मग कुठेही जाऊन बसा. तुमच्यानंतर येणाऱ्यानं विचारलं की तुम्ही हात वर करायचा. दार उघडलं तेव्हा त्या विस्कटलेल्या गर्दीची दोन मिनिटांत सरळ रांग झाली. एकही भांडण नाही.

त्या बाई निवृत्त शिक्षिका. हातात कार्यक्रमपत्रिका, घड्यांवर फाटत आलेली, बॉलपेननं खुणा केलेली. तो त्यांचा दिवसातला तिसरा सिनेमा होता. तिकीट दोन क्युबन पेसो, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं अमेरिकन दहा सेंटसुद्धा नाहीत. त्यांनी सांगितलं की नोकरीत असताना वर्षाची रजा त्या डिसेंबरासाठीच राखून ठेवायच्या. आत बसल्यावर त्यांनी पर्समधून कागदाची निमुळती पुडी काढली. खारे शेंगदाणे! अर्धे माझ्या हातावर ओतले. @सागरगोटा, तुमच्या पॉपकॉर्नला तिथे 'मक्याचे छोटे गुलाब' म्हणतात, पण खरा मान शेंगदाण्याच्या पुडीला.

सिनेमा अर्जेंटिनाचा होता. इंग्रजी उपशीर्षकं नव्हती, माझं स्पॅनिश तोडकंमोडकं. पण प्रेक्षक पडद्याशी बोलत होते, नायकाला सल्ले देत होते, एका प्रसंगाला उठून टाळ्या. त्यामुळे मला अर्धी गोष्ट त्यांच्याकडूनच कळली.

सागरगोटा
ताई, उल्तिमो पद्धत आपल्या रेशनच्या दुकानात आणि पासपोर्टाच्या कचेरीत ताबडतोब सुरू करा. पॉपकॉर्न परत ठेवले, शेंगदाणे आणायला चाललो.

सदानंद_मास्तर
नेत्राताई, सुरेख लिहिलंत. पण तिसरी_घंटा, तुमच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. बघणारी माणसं महोत्सवानं तयार केली नाहीत. ती वीस वर्षं आधी तयार झाली होती.

क्रांती झाली जानेवारी १९५९ ला. २४ मार्च १९५९ ला चित्रपट संस्थेचा कायदा आला. ही संस्था म्हणजे 'इकाइक', आणि त्या कायद्याची सुरुवातच 'सिनेमा ही कला आहे' या वाक्यानं होते. पुढच्या वर्षी सिनेमातेका, म्हणजे चित्रपट संग्रहालय. १९६० ते १९९० दर आठवड्याला वार्तापट निघत राहिला, माहितीपटकार सांतियागो आल्वारेस यांच्या देखरेखीखाली, जवळजवळ दीड हजार अंक. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याला 'जगाची स्मृती' यादीत घेतलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिरता सिनेमा. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, जनरेटर, पडदा घालून डोंगरातल्या वस्त्यांवर जायचे. ओक्ताव्हियो कोर्तासार यांचा १९६७ चा एक लहानसा माहितीपट आहे, 'पोर प्रिमेरा व्हेस', म्हणजे 'पहिल्यांदाच'. बाराकोआजवळच्या डोंगरातली एक वस्ती. तिथल्या कुणीही तोवर सिनेमा पाहिलेला नाही. बायकांना विचारतात, सिनेमा म्हणजे काय असेल असं वाटतं? एकीला ती मेजवानी वाटते. रात्री पडदा लागतो आणि चार्ली चाप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' सुरू होतो. कामगाराला भरवणारं ते यंत्र बिघडतं तो प्रसंग. कॅमेरा पडद्याकडे फारसा नाहीच, तो चेहऱ्यांकडे आहे. एवढी उघडी तोंडं आणि एवढे चमकणारे डोळे मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिले नाहीत.

१९७९ चा महोत्सव या जमिनीवर उगवला. पेरणी आधीची आहे.

तिसरी_घंटा
मास्तर, इकाइकचे पहिले प्रमुख आल्फ्रेदो गेवारा ना? ते चे गेवारांचे भाऊ का?

सदानंद_मास्तर
नाही हो, नातं काही नाही, फक्त आडनाव एक. आल्फ्रेदो हवानाचे, चे अर्जेंटिनाचे. पण इकाइकचे पहिले प्रमुख तेच, हे बरोबर, आणि महोत्सवाचे कर्तेधर्तेही तेच.

अनवट
मास्तरांचं म्हणणं खरं, पण त्यात एक धागा राहिला. हा महोत्सव मुळात क्युबापुरता नव्हताच. १९६७ मध्ये चिलीतल्या व्हीन्या देल मारला लॅटिन अमेरिकेतले चित्रपटकर्ते पहिल्यांदा मोठ्या संख्येनं एकत्र आले. तोवर ब्राझीलवाल्याला बोलिव्हियात काय बनतंय हे ठाऊक नसायचं, कारण प्रत्येक देशातली थिएटरं हॉलिवूडनं व्यापलेली. १९७३ ला चिलीत लष्करानं सत्ता बळकावली, पाठोपाठ अर्जेंटिनातही तेच. सिनेमा करणारे कुणी तुरुंगात, कुणी देशोधडीला. जमायला जागाच उरली नाही. हवानानं ती जागा दिली. पहिल्या वर्षी काल्पनिक चित्रपटांच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षपदी कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस होते.

क्युबाला त्यातून काय मिळालं? आपल्या मुलांना घरबसल्या अख्खा खंड दिसायला लागला. शिवाय एक शाळा मिळाली. १५ डिसेंबर १९८६ ला हवानाजवळच्या सान अंतोनियो दे लोस बान्योस गावात आंतरराष्ट्रीय चित्रपट-दूरचित्रवाणी शाळा उघडली. मार्केस, अर्जेंटिनाचे दिग्दर्शक फेर्नांदो बिर्री आणि क्युबाचे दिग्दर्शक खुलियो गार्सिया एस्पिनोसा यांनी ती उभी केली. तिचं लाडकं नाव 'तीन जगांची शाळा', कारण लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियाची मुलं तिथे शिकावीत हा हेतू. मार्केस स्वतः कथालेखनाची कार्यशाळा घ्यायचे. मोठमोठे पाहुणे येतात आणि भिंतीवर हातानं काहीतरी लिहून जातात. महोत्सव नसता तर ही माणसं दर डिसेंबरला एका टेबलाभोवती बसली नसती आणि शाळाही झाली नसती, असं मला वाटतं.

रेवती_म
सगळं वाचलं. मी संकलक आहे, पंधरा वर्षं याच धंद्यात. मनापासून एक गोष्ट मांडते, राग मानू नका.

ज्या घराचा यजमान एकच, त्या घरात पंगतीला कोण बसणार हेही तोच ठरवतो. १९९१ मध्ये दानिएल दियास तोर्रेस यांचा 'आलिसिया...' हा उपरोधिक चित्रपट थिएटरांत लागला आणि चार दिवसांत उतरवला गेला. २०१६ मध्ये कार्लोस लेचुगा यांचा 'सांता इ आंद्रेस' याच हवाना महोत्सवातून वगळला. सरकारला नकोसा झालेला एक समलिंगी लेखक आणि त्याच्यावर पाळत ठेवायला पाठवलेली एक शेतकरी बाई, यांची ती गोष्ट. बाहेरच्या जगानं तो पाहिला, हवानाच्या त्या शिक्षिकाबाईंना महोत्सवात पाहता आला नाही. दोन पेसोंचं तिकीट मलाही आवडतं. पण तुमच्या गल्लीतली गोष्ट तुमच्याच पडद्यावर येऊ शकत नसेल, तर संस्कृती समृद्ध झाली असं म्हणताना माझी जीभ अडखळते.

मुरुडकर
बाई, अगदी नेमकं बोललात.

नेत्रा_टोरांटो
रेवती, राग कसला. हे बोलायलाच हवं होतं आणि माझ्या लांबलचक प्रतिसादात ते आलं नाही.

पण एक दुसरं उदाहरण ठेवते. १९९३ चा डिसेंबर. सोव्हिएत मदत बंद झालेली, पेट्रोल नाही, दिवे जाताहेत, लोक सायकलींवर. त्या वर्षीच्या महोत्सवात तोमास गुतिएर्रेस आलेआ आणि हुआन कार्लोस ताबिओ यांचा 'फ्रेसा इ चोकोलाते' आला. आलेआ कर्करोगानं आजारी होते म्हणून ताबिओ जोडीला. एक समलिंगी कलावंत आणि एक पक्षनिष्ठ विद्यार्थी यांची मैत्री. त्यांची पहिली भेट होते कोपेलियात, म्हणजे यारासमोरच्या त्याच आइस्क्रीमच्या उद्यानात. कलावंतानं स्ट्रॉबेरी घेतलंय, विद्यार्थ्यानं चॉकलेट, नाव त्यावरूनच. यारात तो पाहून बाहेर पडणारा माणूस रस्ता ओलांडला की त्याच टेबलांपाशी पोचत होता! त्याला कोरालही मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकनही, क्युबाच्या वाट्याला आलेलं एकमेव.

रेवती_म
तो चित्रपट माझाही जिवाभावाचा. पण क्युबाच्या टीव्हीवर तो २००७ ला दाखवला. चौदा वर्षांनी!

नेत्रा_टोरांटो
तेच तर म्हणतेय मी. टीव्हीला जे दाखवायला चौदा वर्षं लागली, ते महोत्सवात आणि थिएटरात आधीच हजारोंनी पाहून झालं होतं. दार किलकिलं झालं ते तिथून.

सदानंद_मास्तर
रेवतीताई, १९९१ च्या प्रकरणाचा पुढचा भागही सांगतो. त्या गदारोळात इकाइक ही संस्थाच लष्कराच्या आणि टीव्हीच्या चित्रपट विभागात विलीन करायचा बेत झाला होता. तिथल्या दिग्दर्शकांनी एकजुटीनं विरोध केला आणि बेत बारगळला. आल्फ्रेदो गेवारांना पुन्हा प्रमुखपदी आणलं. दोनच वर्षांनी 'फ्रेसा' आला. म्हणजे यजमान एकच असला तरी घरातली माणसं गप्प नव्हती.

रेवती_म
हे मान्य, आणि त्या माणसांना माझा सलाम. पण मग श्रेय त्या माणसांचं म्हणा. स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्यांना कायद्यानं ओळख मिळायला २०१९ उजाडलं आणि तीही त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून.

रंगपाट
मी इचलकरंजीचा, स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे. सिनेमातलं मला फार कळत नाही, पण क्युबाच्या पोस्टरांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

इकाइकनं प्रत्येक सिनेमासाठी स्वतःचं पोस्टर बनवलं, परदेशी सिनेमासाठीसुद्धा. नटनटीचा फोटो मोठा करून लावायचा नाही, असा त्यांचा खाक्या. सगळं हातानं जाळीवर छापलेलं. मी त्यांची चित्रं भिंग लावून पाहिलीत. सपाट रंग, छटा जवळजवळ नाहीतच, कारण प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. एक रंग स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, ओढायचा, कागद वाळत घालायचा, मग दुसरा. जरा सरकला की काठाला पांढरी रेघ दिसते. त्यांनी ती अडचण पोटात घेऊन चित्रच असं काढलं की चार रंगांत काम भागावं. एदुआर्दो मुन्योस बाक्स यांनी 'पोर प्रिमेरा व्हेस'चं पोस्टर केलंय, त्यात चाप्लिनच चाप्लिन आहेत. बघाच. २०२३ मध्ये ही पोस्टरंही युनेस्कोच्या त्याच यादीत गेली.

ज्या शहरात रस्त्यावर असली पोस्टरं दिसायची, तिथल्या पोराची नजर सिनेमागृहात शिरायच्या आधीच तयार व्हायची. माझ्या दुकानात मी दोन लावलीत.

सागरगोटा
रंगपाटकाका, या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. फोटो टाका दुकानाचे!

पोर्ट_ऑफ_स्पेनचा_पाहुणा
मी तीन वर्षं त्रिनिदादला कामानिमित्त होतो. तिथलं चित्र अगदी उलटं आहे, म्हणून सांगतो. तिथे सरकारी इकाइकसारखं काही उभं राहिलं नाही. सिनेमाचं वेड मात्र जुनं. १९३५ मध्ये 'बाला जोबन' हा हिंदी बोलपट तिथे लागला आणि मळ्यांवर राबायला गेलेल्या आपल्या लोकांच्या लेकरा-नातवंडांनी तो डोक्यावर घेतला. पण पडद्यावर एक तर मुंबई, नाहीतर हॉलिवूड. स्वतःची गोष्ट क्वचितच. २००६ मध्ये ब्रूस पॅडिंग्टन यांनी त्रिनिदाद-टोबॅगो चित्रपट महोत्सव सुरू केला, तेव्हा आपल्या बेटांवरच्या गोष्टी दाखवायला हक्काची जागा झाली. तिथे तुम्ही म्हणताय तसं, आधी महोत्सव आणि मग सिनेमा.

त्यामुळे मास्तर, पेरणी आधी की महोत्सव आधी, हे बेटागणिक बदलतं.

कुळागर
आमच्या गोव्यात २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. मी तेव्हा कॉलेजात होते, पणजीत पहिल्यांदा इराणी सिनेमा पाहिला आणि तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण डिसेंबर उजाडला की सगळं आवरून जातं, गावातल्या म्हातारीला त्याचा पत्ता नसतो. मला हवानाच्या त्या शिक्षिकाबाईंचा हेवा वाटला.

मुरुडकर
पणजीपर्यंत कशाला? आमच्या तालुक्याच्या गावातलं एकमेव थिएटर पाडून तिथे मंगल कार्यालय झालं.

अनवट
कुळागर, गावाचा विषय काढलात म्हणून सांगते. क्युबातही सगळं राजधानीत एकवटलंय अशी तक्रार होतीच. दिग्दर्शक उंबेर्तो सोलास यांनी १९६८ च्या 'लुसिया'चं काही चित्रीकरण हिबारा या समुद्रकाठच्या लहानशा गावात केलं होतं. २००३ मध्ये त्याच गावात त्यांनी 'सिने पोब्रे', म्हणजे गरीब सिनेमाचा महोत्सव सुरू केला. कमी पैशात केलेले चित्रपट, गावकऱ्यांच्या संगतीनं बघायचे. सप्टेंबर २००८ मध्ये चक्रीवादळानं हिबाराची दाणादाण उडवली आणि त्याच महिन्यात सोलास गेले. तरी गावानं महोत्सव सोडला नाही. मला हवानाच्या झगमगाटापेक्षा हे जास्त भिडतं.

निशाचर
सगळे जुनंच बोलताय. आज क्युबातला तरुण 'पाकेते' बघतो. दर आठवड्याला हार्ड डिस्कवर मालिका, सिनेमे, गाणी भरून घरोघर पोचवतात, इंटरनेटशिवाय. यारात कोण जाणार? आणि वीज? डिसेंबर २०२४ मध्ये ऐन महोत्सवाच्या तोंडावर अख्ख्या देशाची वीज गेली होती.

नेत्रा_टोरांटो
@निशाचर, खरंय, आणि मला त्याची फार काळजी वाटते. बरीच थिएटरं बंद पडलीत, मी पाहिलेल्या काहींचं छत गळत होतं. तरुण मुलं देश सोडून चाललीत आणि त्यात सिनेमा शिकलेलीही आहेत. पण वीज गेली त्या वर्षीही महोत्सव झाला. त्या शिक्षिकाबाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती. ऐन टंचाईच्या वर्षांत एकदा सिनेमा चालू असताना दिवे गेले. कुणी उठलं नाही. अंधारात लोक आपसात पुढे काय होणार यावर वाद घालत बसले, पाऊण तासानं दिवे आले, सिनेमा जिथे थांबला तिथून पुढे सुरू झाला. पाकेते घरी एकट्यानं बघता येतं. असा वाद घालायला शेजारची खुर्ची लागते.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे आभार. चार रात्री हेच वाचतोय. माझा मूळ प्रश्न मी चुकीच्या टोकानं धरला होता. मास्तरांचा ट्रक, अनवटची शाळा, रंगपाटकाकांचं पोस्टर, दोन पेसोंचं तिकीट, हे सगळं वर्षभर होतं म्हणून डिसेंबरातले ते दिवस रुजले. आणि रेवतीताई, 'सांता इ आंद्रेस' मी शोधून पाहणार आहे.

ऑफिसातल्या मित्राला उत्तर द्यायचं सोडलं. त्याऐवजी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर २६ जानेवारीच्या संध्याकाळी 'पोर प्रिमेरा व्हेस' दाखवायचं ठरवलंय, पाठोपाठ 'मॉडर्न टाइम्स'. रीतसर परवानगीचं बघतोय. आमच्याकडे भाजी आणणाऱ्या मावशींनाही बोलावलंय. स्पॅनिशचं मराठी करून द्यायला कुणी आहे का?

अनवट
मी करते. लहानसाच आहे, एका रविवारचं काम. फक्त मोठ्यानं वाचून दाखवायला कुणीतरी ठेवा, मावशींना उपशीर्षकं वाचायला लागू नयेत.

सागरगोटा
शेंगदाणे माझ्याकडून. पुड्या मी स्वतः वळणार.

रंगपाट
पोस्टर मी छापून देतो, पन्नास प्रती, पैसे नकोत. दोन रंगांत करू. मजकूर दहा तारखेपर्यंत पाठवा, आणि मावशींना लांबून वाचता येईल एवढं अक्षर मोठं ठेवायचंय, त्यामुळे शब्द कमी ठेवा.